उन्हात मांडलेल्या कॅसेटी

मी शिकले चौथीपर्यंत, पुढचं सारं वाचनालयानं शिकवलं. महाल वस्तीतल्या आमच्या त्या वाचनालयात मी झाडपूस करायची, पुस्तकं जागच्या जागी लावायची. मग टेपरेकॉर्डर आला. आमचे ग्रंथपाल, साहेब म्हणायचो आम्ही त्यांना, कोष्ट्यांच्या घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायांच्या हातमागाच्या गोष्टी त्यात भरून आणायचे. त्या कॅसेटींचं कपाट त्यांनी माझ्या हवाली केलं. नंबर घालणं, यादी ठेवणं, कोणी आलं की लावून देणं, सारं मी. मले काय ऐट होती म्हणून सांगू!

त्यातली एक म्हातारी वर्षाच्या आतच गेली. तिची लेक दर गुरुवारी बाजाराची पिशवी घेऊन यायची.

"बाई, मायले लावा ना."

मी लावायची. म्हातारी लुगड्याच्या काठाचं सांगता सांगता मध्येच थांबे अन् आतल्या खोलीकडे ओरडे, "कांड्या भरल्या का वं? का झोपा काढून राहिली?" मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम या लेकीचंच. खुर्चीत बसल्या बसल्या ती हळूच म्हणे, "भरल्या वं माय." दरवेळी. मग पिशवी उचलून घरी.

आता माझी करणी ऐका. दर वैशाखात आम्ही पुस्तकं गच्चीवर चादरी अंथरून उन्हात घालायचो, कसर लागू नये म्हणून. त्या वर्षी वाटलं, कॅसेटींनीच काय पाप केलं? कपाटात कोंदट वास येत होता. डब्या उघडून एकेक मांडली. दुपारी जाऊन पापडासारख्या उलटवूनही आले! संध्याकाळी पाहते तर कवचं वाकलेली, आतली फीत सुरकुतलेली.

साहेब ओरडले नाहीत. ओरडते तर बरं झालं असतं. "बाई, दुसरी प्रत नाही हो," एवढंच म्हणाले. म्हातारीची फीत त्यांनी दुसऱ्या कवचात घालून पाहिली.

गुरुवारी ती आली. सांगायचं सोडून मी यादीतला नंबर काढला. तीच कॅसेट लावली. विहिरीच्या तळातून कोणी कण्हावं तसा आवाज निघाला.

"काहून अशी करून राहिली माय?"

"मीच उन्हात ठेवली वं," मी म्हटलं.

बटण बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला. ते वाक्य कुठं येतं ते आम्हा दोघींना पाठ होतं. ती जागा आली. तिचे ओठ उघडले. टेपमधून नुसतं घरघर घरघर. तिनं उत्तर दिलं नाही.

पिशवी उचलून गेली, ती पुन्हा आली नाही.

घरात कोणी नसलं की मी ते वाक्य म्हणून पाहते, म्हातारीच्या सुरात. कांड्या भरल्या का वं? इतके गुरुवार ऐकलेलं, पण नाही जमत. माझाच आवाज येतो.