नामपूरच्या वाटेवर अडकलेली रेस

नाशिकहून निघालो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि मी आधीच दमले होते. घरातलं आवरणं, ह्यांना आंघोळ घालणं, त्यांच्या बुटांच्या नाड्या, मग हेल्मेट. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात मात्र लुळाच राहिला, आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द डोक्यात तयार असतो, जिभेवर यायला वेळ लागतो. तेवढं थांबायला मला कधी जमत नाही. अर्ध्या अक्षरावरून ओळखून वाक्य मीच पुरं करते. दिवसभराची कामं तरी उरकतात.

नामपूरला माझ्या नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती. एस.टी.त चढवताना लोक ह्यांना दोन्ही दंडांना धरून पोत्यासारखं वर ओढतात. ते मला बघवत नाही, म्हणून ह्यांची जुनी मोटरसायकल काढायची असं मीच ठरवलं. आयुष्यभर स्कूटर चालवलेली, पण ती मुलगा पुण्याला घेऊन गेला. गियरची गाडी मी ह्यांच्या आजारपणात शिकले. ह्यांना मागे बसवलं आणि दोघांच्या कमरेभोवती एक जुनी सुती ओढणी बांधली.

दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. वणीला चहा घेतला. नांदुरीपाशी देवीचा गड डाव्या हाताला उभा राहिला. ह्यांनी मागून मान तेवढी झुकवली. कळवणच्या बाजारात ट्रॅक्टरांची गर्दी होती, तिथून वाट काढतानाच मला जाणवलं की रेसची मूठ जरा जड फिरतेय. बराच काळ उभी असलेली गाडी, असं म्हणून मी पुढे निघाले.

कळवण सोडून सटाण्याच्या रस्त्याला लागलो. एका उतारावर डावीकडे वळण होतं आणि वळणापलीकडे रस्ताभर शेळ्या. मी मूठ सोडली. ती मागे फिरलीच नाही. गाडी उतारावर आपणहून पळायला लागली. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. ब्रेक दाबत होते, पुढे काय करायचं ते सुचेना.

मागून आवाज आला, "चा… चा…"

ही चहाची वेळ नव्हती, एवढं मलाही कळलं. मी चावी बंद केली. इंजिन गप्प झालं आणि आम्ही रस्ता सोडून खालच्या मातीत जाऊन थांबलो. शेळ्या बाजूला झाल्या. राखणारा म्हातारा आमच्याकडे बघत पुढे गेला. ओढणीची गाठ सोडायला मला बराच वेळ लागला.

जवळच कांदे साठवायची चाळ होती. दाराशी एक बाई कांदे निवडत बसली होती. ती उठून आली.

"गाडी बिघडनी का ताई? बठा आठे, सावलीम्हा (बसा इथे, सावलीत)."

तिने पाण्याचा तांब्या दिला. मी तो तसाच तोंडाला लावला. तेवढ्यात तिने ह्यांना विचारलं, "कोठे जाणं शे, दादा (कुठे जायचं आहे)?"

मी नेहमीसारखं उत्तर देणार, पण तोंडात पाणी होतं. ह्यांच्या आजाराची तिला काही कल्पना नव्हती. हातात कांदा धरून ती वाट बघत उभी राहिली.

"नाम… नामपूर," हे म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "बहीण शे."

ह्यांचं लहानपण नामपूरचं. आजारानंतर त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. बाई मोकळेपणी हसली आणि पुन्हा कांद्यांपाशी जाऊन बसली.

गाडी ढकलत कुठे नेण्याची ताकद माझ्यात नव्हती. ह्यांनी डाव्या हाताने गाडीच्या बाजूच्या डब्याकडे बोट केलं. आत स्क्रू-ड्रायव्हर होता. मग ते बोटाने दाखवत गेले आणि मी करत गेले. मुठीपाशी असलेले स्क्रू काढले, केबलचं टोक सोडवलं. केबल आत कोरडी ठाक होती. बाईने स्वयंपाकाचं गोडेतेल आणून दिलं, ह्यांनी नको म्हणून मान हलवली. मग तिने ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा काढून दिला. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून ती केबलच्या टोकाला बांधली, आत ऑइल ओतलं, आणि ते थेंब थेंब खाली उतरेपर्यंत आम्ही नुसते बसून राहिलो. ऊन चढत होतं. माझी पाठ दुखत होती. तिकडे पूजा सुरू झाली असणार.

सगळं जोडलं, मूठ फिरवून सोडली. ती टपकन मागे गेली. मी हात पुसायला लागले.

"ह… ह…" हे म्हणाले.

"हो, हेल्मेट देते."

त्यांनी जोरात मान हलवली. चेहरा लाल झाला होता. मी पुन्हा खाली बसले, आणि या वेळी वाट बघत राहिले. बाईच्या हातातले कांदे टोपलीत पडत होते, तेवढाच आवाज.

"हँडल," ते म्हणाले. मग, "डावीकडे."

हँडल डावीकडे वळवून मी मूठ फिरवली. सोडली, तर तिथेच अडकली. मोबाइलच्या उजेडात टाकीखाली पाहिलं. नव्या हॉर्नची वायर लावताना कुणीतरी वायर आणि केबल एकाच प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली होती. हँडल वळलं की केबल ताणली जायची. तशीच निघाले असते, तर पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच झालं असतं. बाईच्या विळ्याने पट्टी कापली. गाडी चालू करून हँडल दोन्हीकडे फिरवलं. आवाज एकसारखा राहिला.

नामपूरला पोहोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. नणंद दारात उभी होती. तिने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आम्हाला उशीर का झाला ते विचारलंच नाही. पानात वरण-बट्टी (कणकेचे भाजून तुपात बुडवलेले गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी होती. मला भूक होती, पण घास चावायचाही कंटाळा आला होता. तिथेच भिंतीला टेकून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. रेस मऊ फिरत होती, तरी प्रत्येक डाव्या वळणावर माझी बोटं आखडत होती, आणि ह्यांची पकड माझ्या कमरेभोवती घट्ट होत होती.

संध्याकाळी घरी आलो. गाडी लावली, ह्यांना पायरीवर बसवलं.

"सुमन," ते म्हणाले. "परत…"

परत जाऊ ना, दिवाळीत जाऊ, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. समोरच्या घरात दिवा लागला. कुणीतरी गेट लावून घेतलं.

"परत गाडीवर नको," ते म्हणाले. "मला भीती… वाटते. निघतानाच वाटत होती."

वर्षभरात ह्यांची अशी किती वाक्यं मी माझ्या मनाने पुरी केली असतील, कोण जाणे.

"मलाही वाटते," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. हेल्मेट काढायचंही त्राण दोघांत नव्हतं. तसेच बसून राहिलो.