सूनबाईंचा अभ्यास

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या, पोटभर हसा, पण यातलं एक अक्षर आमच्या कशेळीत जाऊन बोलू नका. माझी शपथ आहे तुम्हाला!

माणसं खोटं बोलून गोत्यात येतात. मी नुसतं ‘हं’ म्हणून आले.

गोष्ट दोन हजार सहा-सात सालची. मी नारपोलीची, एका शाळेतल्या क्लार्कची मुलगी. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन कशेळीला आले. सासरची पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर गोडाऊनं. त्यातल्या एका गोडाऊनमध्ये परदेशातली जुनी पुस्तकं यायची, किलोवर विकायला. सगळ्यांची कव्हरं फाडलेली! तिथला शेठ एक दिवस माझ्या सासऱ्यांना म्हणाला, “चाचा, आपकी बहू पढ़ी-लिखी है ना? ले जाओ.” सासऱ्यांनी कौतुकाने अख्खी गोणी आणून माझ्यासमोर ओतली.

त्या गोणीत मला तो भेटला.

दचकू नका! तो म्हणजे परीलोकाचा राजा. पंख लावून छडी फिरवणाऱ्या पऱ्या आठवू नका हं. हे लोक उंच, देखणे, टोकदार कानांचे आणि भयंकर माजोरडे. इंग्रजीत त्यांना ‘फे’ म्हणतात. लोखंडाला हात लागला की त्यांना चटका बसतो, आणि मुख्य म्हणजे त्यांना खोटं बोलताच येत नाही. हा राजा एका साध्या माणसाच्या पोरीला उचलून आपल्या दरबारात नेतो, सहाशे पानं तिच्याशी भांडतो, आणि मग एका वाक्यात असं काही बोलतो की वाचणारीला घाम फुटावा.

आता मला सांगा, नवीन लग्न झालेल्या बाईला याचं वेड का लागू नये? आमचे हे स्वभावाने देवमाणूस, पण नवी साडी नेसून “कशी दिसते?” विचारलं, तर म्हणायचे, “टेम्पोचा टायर बदलायला टाकलाय, येतो.” आणि इकडे हा राजा! ती शिंकली तरी याच्या राज्यात वादळ येतं!

मी दुपारची कामं उरकून वाचायला बसायची. हातात पेन्सिल. आवडलेल्या वाक्यांखाली रेघा मारायच्या, ही कॉलेजातली सवय. एकदा अशीच वाचत होते. राजा तिच्या अगदी जवळ आलेला, एक बोट तिच्या हनुवटीखाली, आणि तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, “गो सूनबाय, परीक्षा हाय का?”

तुम्ही काय केलं असतं? मी पानावरून नजर न काढता म्हणाले, “हं.”

झालं!

सासूबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. जाडजूड इंग्रजी पुस्तक, ना कव्हर ना चित्र, वर पेन्सिलीच्या रेघा. दुसरं काय वाटणार त्यांना? त्या दिवसापासून माझ्या भाकऱ्या बंद झाल्या. “तू अभ्यास कर, मी थापते.” रोज सकाळी भिजवलेले बदाम. टीव्हीचा आवाज इतका बारीक, की सासरे बातम्या नुसत्या बघायचे.

आता म्हणाल, लगेच खरं का नाही सांगितलं? सांगणारच होते हो! फक्त म्हटलं, एवढा एक भाग संपू दे. पहिला संपला, तर त्या गोणीत दुसरा निघाला.

त्यात माझं वाचन म्हणजे तमाशा! दुसऱ्या भागात राजाला त्याचा भाऊच लोखंडाच्या साखळीने बांधतो. मी ढसाढसा रडले. सासूबाई धावत आल्या. पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तेलाची वाटी आणून माझं डोकं चोळायला लागल्या.

“लय कठीन धडा हाय का गो?”

“हो आई,” मी हुंदके देत म्हणाले. “खूप कठीण.”

हे मात्र खोटं नव्हतं.

त्यांनी ही बातमी आळीभर केली. बायका मला बघायला यायच्या. “मोठी सायबीन होनार आमची वयनी!” कुणी विचारलं, कसली परीक्षा, तर सासूबाईच उत्तर द्यायच्या, “मोठी हाय. इंग्रजीतली.” कधी आहे विचारलं की मी म्हणायची, पुढच्या महिन्यात. हा पुढचा महिना पाच महिने चालला!

मग माझ्या धाकट्या दिराचं, नीलेशचं, लग्न ठरलं.

आमच्याकडची हळद तुम्ही पाहिली आहे का? लग्न एक वेळ साधं झालं तर चालेल, पण हळद? बँजो पार्टी हवी, म्हातारीकोतारी नाचायला हवीत, खाडीपलीकडच्या ठाण्याला आवाज जायला हवा. नीलेशने बँजोवाले लग्न ठरायच्या आधीच ठरवून ठेवले होते, आता बोला!

आणि सासूबाईंनी घरात जाहीर केलं, “बँजो न्हाय वाजनार. सूनबायची परीक्षा जवल आली. बायका लग्नाचा धवला गातील, तेवढाच पुरे.”

नीलेश संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. पाच फूट अकरा इंचांचा गडी, पण तोंड एवढंसं झालेलं.

“वयनी, परीक्षा थोडी पुढं न्हाय का ढकलता येनार? तुमी सायबाला अर्ज करा ना. मी जातो पायजे तर घेऊन.”

“नीलेशभाऊ, अहो...”

“न्हाय, तुमचा अभ्यास पयला. मी आपला सहज विचारला.” असं म्हणून गेलाही बिचारा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात दुसऱ्या दिवशी मंगळवार. सासूबाई जेवल्या नाहीत, म्हणून विचारलं, तर सासरे म्हणाले, “तुज्यासाठी उपास धरलेन तिनं. चार मंगलवार झालं.” मी बदाम खात परीराजाच्या गळ्यात पडत होते, आणि ही बाई माझ्यासाठी उपाशी! खरंच सांगते, स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि डोळे मिटून बोलून टाकलं. “आई, परीक्षा नाही. कधीच नव्हती. ती गोष्टीची पुस्तकं आहेत.”

तांदळातला हात थांबला.

“मंग रडलीस कनाला?”

“राजाला साखळीने बांधलं म्हणून.”

“कंच्या राजाला?”

मग काय, सांगितलं! राजा, दरबार, ती पोरगी, टोकदार कान, सगळं. सासूबाईंचा चेहरा दगडासारखा. मी मनात नारपोलीला जायची बॅग भरली. पार शेवटी म्हणाले, “आणि आता तिसऱ्या भागात तो तिला विसरलाय.”

“विसारला?” सासूबाई कडाडल्या. “मेला! ती त्याचेपायी घर सोरून आली ना?”

सुपातले दोन खडे वेचून अंगणात भिरकावले. मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, “गावाला मी काय सांगू? माजी सून पाच महिने परीकथा वाचीत होती? न्हाय. परीक्षा होनार. हलदीच्याच दिवशी. बँजो वाजू दे. तू म्हायेराला जा, दुसरे दिवशी सांजच्याला थेट लग्नाला ये. दोन दिवसांची हाय, असं सांगेन मी.”

“आई, हळद सोडून?”

“मना इचारून ‘हं’ बोललीस काय?”

हळदीच्या सकाळी माझ्या हातावर दही पडलं. अख्खी आळी मला निरोप द्यायला उभी! नीलेशने तर वाकून माझ्या पाया पडून गाडीचं दार लावलं. माझी गाडी वळणावर पोहोचते न पोहोचते, तोच मागे बँजो सुरू झाला. काय वाजवत होते हो! पाय थिरकत होते माझे, आणि मी निघाले होते नारपोलीला. तिथे दोन दिवस शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट ऐकत बसले. आईने विचारलं, “हळदीच्या दिवशी इथे कशी?” मी म्हणाले, “पेपर आहे.”

लग्न थाटात झालं. महिन्याभराने बायका विचारायला लागल्या, निकाल काय? माझी खात्री होती, सासूबाई मला पास करणार. त्यांच्याच तोंडची परीक्षा, त्यांच्याच हातचे मार्क! पण ओटीवर उभ्या राहून, पदर डोळ्यांना लावून त्यांनी सांगितलं, “नापास झाली बाय माजी. दोन मार्कांनी गेली.”

घरात आल्यावर मी चिडून म्हणाले, “आई, निदान पास तरी करायचं!”

“येरी हायस का खुली तू?” त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि तिसरा भाग माझ्या मांडीवर ठेवला. “पास झालीस तर लोक बोलतील, आता अभ्यास कनाला? वाच पुढं. त्याला आठवली का न्हाय ती?”

त्या मालिकेचे एकूण सहा भाग निघाले. मी बी.ए. फर्स्ट क्लास बाई, पण न दिलेल्या परीक्षेत तीनदा नापास झालेय.