उसनी बाजू घेणारे सर

प्रा. दिगंबरराव पाचघरे सरांची आणि माझी पहिली भेट एसटीत झाली. अचलपूरहून अमरावतीला येणारी गाडी, खिडकीशी मी आणि शेजारी अर्थसंकल्पाचं पान उघडून बसलेले सर. मी शाळेत मराठी शिकवीत असे आणि उद्याच्या तासाची कविता चालीवर गुणगुणायची मला खोड होती. सरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मास्तर दिसता. पोरायकडून पाठ करून घेता काय?"

मी म्हणालो, हो.

"कायले? पाठांतरानं डोकं गंजते."

झालं, वलगावपर्यंत आमचं जुंपलं. वलगाव जवळ आलं तसे ते म्हणाले, "थांबा, आता तुमची बाजू मी मांडतो. मास्तरचं म्हननं असं हाये, का पाठ केलेली कविता मानसाले म्हातारपनी एकटं पडू देत नाई. बराबर?"

हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं. तरी मी मान हलवली, कारण मला नेमकं तेच म्हणायचं होतं.

पुढे कळलं, की सरांचा हा नियमच आहे. त्याला ते 'उसनी बाजू' म्हणतात. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं आणि ते असं, की त्यानं मान हलवली पाहिजे. ती हलेपर्यंत आपलं घोडं दामटायचं नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात त्यांनी कित्येक पिढ्यांना हेच शिकवलं. एकानं सरांचीच मतं शब्दशः उत्तरपत्रिकेत उतरवली, तेव्हा सरांनी त्याला बोलावून विचारलं होतं, "हे तं म्या सांगतलं होतं. तू काय लिहिलं?"

वर्गाबाहेर हा नियम चाले तो त्यांच्या व्हरांड्यात. रोज संध्याकाळी वेताच्या खुर्च्या भरत. शालिनीताई चहा पाठवीत, त्यात एक कप बिनसाखरेचा असे. तो नानासाहेब धांड्यांचा. नाना अंजनगाव सुर्जीचे शेतकरी, सरांचे शाळासोबती आणि वादातले कायमचे विरोधक. मुलाकडे अमरावतीला आले, की त्यांची संध्याकाळ इथेच. नानांचं म्हणणं, परदेशी कापसाच्या गाठींवर भक्कम आयात कर हवा. सरांचं म्हणणं, करानं भाव टिकत नाही. कापूस महागला की गिरण्या दुसऱ्या धाग्याकडे वळतात, म्हणून सरकारनं पैसा पाण्यात आणि कापसावरच्या उद्योगांत घालावा. सर नानांची बाजू मांडू लागले, की नाना मांडीवर थाप मारीत. "परफेसर, तू माह्याकडून बोलून राहिला तं मलेच वाटते का मी खरा आहो!"

मी मधल्या खुर्चीत. मला आयात करातलं काय कळणार? मला त्या दोघांचा आवाज आवडे. एकानं कडवं म्हणावं, दुसऱ्यानं पुढचं उचलावं, अशा शाळेतल्या दुपारी आठवत.

माझी पत्नी गेली तेव्हा घरी येणारे सगळे हळू आवाजात बोलत. सर आले आणि भांडायलाच लागले. मराठीच्या पुस्तकात कविता फार झाल्या, निम्म्या काढून टाकाव्यात, म्हणाले. मी इतका चिडलो, की बऱ्याच दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, नवं भांडण घेऊन. सांत्वनाची ही तऱ्हा मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही.

आता जे लिहायचं आहे, ते सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. विधानसभेच्या निवडणुकीआधी अकोल्यात कापसाच्या धोरणावर जाहीर चर्चा होती. सर एका बाजूला, नाना दुसऱ्या. सरांनी नेहमीप्रमाणे आधी उसनी बाजू मांडली. "परदेशी गाठीवर कर लागलाच पाहिजे, नाहीतर अकोल्याच्या बाजारात आपल्या कापसाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. नानांनी मान हलवली. मग सरांनी त्यातला एकेक मुद्दा खोडून काढला. पण फोनवर फिरला तो पहिलाच तुकडा. नानांचा पुतण्या त्या निवडणुकीत उभा होता. त्याच्या छायाचित्राखाली सरांचा आवाज गावोगाव वाजला. सरांची जुनी माणसं म्हणाली, सर विकले गेले. पुतण्याच्या माणसांनी हार आणले, ते सरांनी घेतले नाहीत. व्हरांड्यातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. ती बाजू सरांची नव्हती, आपली होती, हे एका वाक्यात सांगू शकणारे नाना गप्प राहिले. निकालानंतरही आले नाहीत.

"सर, तुम्ही खुलासा काहून नाही केला?" मी विचारलं.

"म्या केला तं लोकं म्हनतीन, आता पलटला. ज्याची बाजू उसनी घेतली, त्यानंच सांगाव लागते का हे माही होती."

या ग्रंथासाठी पहिला लेख नानांचा असावा, एवढीच सरांची इच्छा होती. ती सांगायला मी अंजनगावला गेलो. नानांनी पानमळा दाखवला, यंदाच्या उन्हाबद्दल बोलले, मग एकदम म्हणाले, "परफेसरची शुगर कशी हाये?"

"शुगर तुम्हाला आहे, नाना. सरांना नाही."

"हाव, खरंच," ते म्हणाले. मग, "मी कोन्या तोंडानं लिहू, मास्तर?" निघताना त्यांनी पानांचा एक पुडा माझ्या हातात दिला. कोणासाठी, ते सांगितलं नाही.

मी तो सरांपुढे ठेवला. सरांनी पुडा सोडला, एक पान नुसतंच चघळलं आणि म्हणाले, "पाहा मास्तर, नानाच्या जागी बसून पाहा. घरचं पोरगं उभं होतं. ते हरू नये म्हनून मानूस आज बोलू, उद्या बोलू करते. मंग बोलाची वेळच निंघून जाते. तो रुसला नाई, लाजला हाये. अन् जेवढा उशीर होते, तेवढी लाज वाढते." मग म्हणाले, "पन मान हालवाले तो इथं पाहिजे नं."

पाठ असलेल्या कविता आजही मला सोबत करतात. सरांनी एसटीत माझ्या वतीनं सांगितलं, ते खरंच निघालं. पण कविता आपल्याला खोडून काढीत नाही. त्याला माणूसच लागतो. हल्ली संध्याकाळी व्हरांड्यात आम्ही दोघेच असतो. मी आयात करावर बोलून पाहतो, सर हसतात. वाद रंगत नाही.

म्हणून सरांना न विचारता नानांची ही बाजू मी वर सरांच्याच शब्दांत छापायला दिली आहे. ती बरोबर मांडली की चुकली, हे सांगण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे.

पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांना खोडून काढणाऱ्यालाही तितकंच लाभो. शालिनीताई सवयीनं अजून एक कप बिनसाखरेचा पाठवतात आणि सर तो पिऊन टाकतात.

नाना, सरांना बिनसाखरेचा चहा मुळीच आवडत नाही.