आईच्या तळहातावरचे ठिपके

डॉक्टर मॅडमनी आईची मूठ हळूच उघडली. तळहातावर बारीक लाल ठिपके होते. चादर सारून त्यांनी तळपाय बघितले, तिथंही तेच. मग मला विचारलं, "घरी जनावरं आहेत?"

"गावी, हसनाबादला आहेत. म्हशी, गाय. आईच बघते त्यांचं."

"गोचिड्या कोण काढतं?"

"आईच. हातानं."

त्यांनी नर्सला आईचा अंबाडा सोडायला लावला. मानेवर, केसांच्या कडेला, एक काळी खपली दिसली. विडीचा चटका बसावा तशी. "इथं गोचीड चावलीय," मॅडम म्हणाल्या. "हा टिक टायफस वाटतोय."

टिक म्हणजे गोचीड. तिच्या अंगातले रिकेट्सिया नावाचे जंतू चाव्यातून माणसाच्या रक्तात उतरतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि असे ठिपके उठतात. हे सगळं मॅडम समजावत होत्या आणि मला माझं लहानपण आठवत होतं. शाळेतून आल्यावर मीसुद्धा म्हशीच्या कानातल्या गोचिड्या ओढून नखावर फोडलेल्या आहेत. आमच्याकडं सापाला भितात, विंचवाला भितात. गोचिडीला कोण भितं?

आईला आठवडाभर ताप होता. गावात सलाईन लावलं, उतरला नाही. माझा थोरला भाऊ, दादा, फोनवर म्हणाला, "डेंगीच असंल." तपासणीत डेंगी निघाला नाही, पण प्लेटलेट घसरल्या होत्या. मग टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. शेवटी ती बरळायला लागली, तेव्हा दादानं तिला गाडीत घालून जालन्याला आणलं. मी लग्नानंतर जुन्या जालन्यातच राहते. दवाखान्याच्या दारात तिचा हात धरला, तर माझ्या तोंडाकडं बघून तिनं दादाला विचारलं, "ही बाई कोण हाय?"

मी तिची एकुलती एक लेक.

"किडनीवर ताण आलाय," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्टची वाट बघत थांबणं बरोबर नाही. डॉक्सिसायक्लिन आत्ताच सुरू करते." ते एक जुनं, साधं अँटिबायोटिक. कुठल्याही मेडिकलवर मिळणारं. हे कळलं तेव्हा मला आणखीच धक्का बसला. औषध गावातही होतं. फक्त गोचिडीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगावं हे आम्हालाही सुचलं नव्हतं.

आयसीयूच्या बाहेर दादा बाकावर बसून होता. म्हणाला, "गोचिडीनं माणूस जातं का गं?" मोबाइलवर शोधून त्यानं लाइम नावाचा आजार काढला आणि मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "तोही गोचिडीचाच, पण वेगळा. आपल्याकडं फार क्वचित. त्यात बहुतेकदा चाव्याभोवती लाल चट्टा पसरत जातो."

औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरायला लागला. सकाळी नर्सनं मला आत बोलावलं. आईनं डोळे उघडले होते. माझं नाव घेऊन म्हणाली, "म्हशीचं दूध कोण काढून राह्यलंय?"

मी "दादा, कालच गावी गेलाय" म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

किडनी ताळ्यावर यायला आणखी काही दिवस गेले. घरी सोडताना मॅडमनी जे सांगितलं, ते तुमच्यासाठीही लिहिते. गोचीड अंगाला चिकटली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा. चिरडू नका. रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. जागा साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा पुरळ आलं, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता गोचिडीचं सांगा. जनावरांना गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घ्या, आणि गोचिड्या काढताना हातमोजे घाला.

मी त्यांचे आभार मानायला लागले, तर त्या म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं." ते वाक्य अजून माझ्या अंगावर येतं.

परवा हसनाबादला गेलो. माझी मुलगी गाडीतून उतरली आणि धावत जाऊन वासराच्या गळ्यात पडली. मी किंचाळलेच. तिला ओढून बाजूला घेतलं. पोरगी भेदरून गेली.

आई गोठ्यातून हातमोजे काढत आली. अजून चालताना तिला थोडी धाप लागते. तिनं नातीचा हात माझ्या हातातून सोडवला.

"खेळू दे तिला," ती म्हणाली. "मंग आंघोळ घाल, अंग नीट बघ. पण जनावराला भ्यायला शिकवू नको."