आमचा घाट, त्यांचा घाट

अंदमानच्या बेटावरचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा चढ मी माझ्या स्वतःच्या पायांनी चढलेलो आहे. उतरवलं मात्र मला चार जणांनी मिळून, टॉवेलात घालून.

आता तुम्ही म्हणाल, जबलपूरच्या गढा मोहल्ल्यात सोफे-गाद्या शिवणारा माणूस अंदमानला काहून गेला? गेलो नाही हो, नेला गेलो. आमची पिंकी बँकेत आहे. (अक्कल तिच्या आईकडून आली. मला तर शाळेनं पाचवीतच हात जोडले.) तिच्या बँकेत पुण्याहून बदली होऊन एक पोरगा आला, अनिकेत. दोघांचं जमलं. पोरगा म्हणजे नुसतं सोनं. आता त्याच्या आईबाबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. आणि ते म्हणाले, पोहे खाऊन माणसं कळत नाहीत. चार दिवस कुठेतरी सोबत जाऊ. मस्त हिरवं बेट पाहू, सोपे सोपे ट्रेक करू.

पिंकीनं मला समोर बसवलं. "बाबा, प्लीज, तिथे जास्त बोलू नका. वो लोग सीरियस टाइप के हैं."

"मी कुठे जास्त बोलतो?"

"बाबा, तुम्ही राँग नंबरशी पण गप्पा मारत बसता!"

आणि त्याच संध्याकाळी अनिकेतच्या बाबांचा फोन आला. रिटायर्ड इंजिनिअर. दर रविवारी कुठलातरी किल्ला चढणार. आवाज एकदम रेडिओवरच्या बातम्यांसारखा.

"तुम्हाला घाटाची सवय आहे का हो?"

मी म्हटलं, विचारून विचारलं तरी काय! "घाट? अहो साहेब, रोजचा आहे! पहाटे उठलो की पहिले घाटावर. थंडी असो, पाऊस असो."

"रोज?" त्यांचा आवाज जरा हलला. "आणि वहिनी?"

"ती पण संगं. ती तर माझ्या पुढे राहते."

"कमाल आहे! अवघड आहे का?"

"नाही हो. पायऱ्यांवर शेवाळ राहते, तेवढं ध्यान ठेवावं लागते. दरसाली एक-दोघं घसरतात."

"बाप रे. आणि वर पोचल्यावर काय दिसतं?"

"वर काय दिसणार? वर तर चहाची टपरी आहे. खरी मजा खाली!"

मग ते हळूच म्हणाले, "खरं आहे. चढणं कुणालाही जमतं, उतरणं महत्त्वाचं." मला वाटलं, किती मोठा माणूस आहे! त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं, हे नंतर कळलं.

आता आमची यात काय चूक? आमचे आजोबा इथल्या तोफांच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून आम्ही जबलपूरकर. आम्हाला घाट म्हणजे एकच. नर्मदेचा. ग्वारीघाट, तिलवाराघाट. पायऱ्या उतरा, डुबकी मारा, वापस या. पुण्याकडे डोंगर चढायच्या वाटेलाही घाटच म्हणतात, हे आम्हाला कोण सांगणार? मराठी त्यांचीही, मराठी आमचीही. पण तीन पिढ्या नदीकाठी राहून आमचा शब्द पाण्यात उतरला होता आणि त्यांचा तिकडे ढगात चढून बसला होता.

तर आम्ही तिघं आणि ते तिघं, सगळे पोहोचलो. बेट म्हणजे काय सांगू! रेल्वे स्टेशनच्या खांबासारखी जाडजूड झाडं, वेली अशा लोंबून राहिलेल्या की जसे पिक्चरचे पडदे. आणि फटीफटीतून निळं पाणी. दुसऱ्या दिवशी आम्ही चिडियाटापूला निघालो. समुद्राच्या काठावरून जंगलात जाणारी पायवाट, टोकाला उंच कडा. अनिकेतचे बाबा आदल्या दिवशीच म्हणाले होते, "एकदम सोपं आहे. शेवटी छोटासा घाट लागतो, बस."

मी खूश! रात्रीच पिशवी भरली. टॉवेल, साबण, कोरडे कपडे, तांब्या, अगरबत्ती, एक नारळ. पायात चप्पल, कारण घाटावर काढावीच लागते.

सकाळी पाहतो तर अनिकेतच्या आईबाबांच्या पायात बूट, हातात काठ्या, डोक्यावर टोप्या. अनिकेतची आई रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांनी माझ्या चपलेकडे असं पाहिलं जसं मी होमवर्क आणलं नाही. पण त्यांचे मिस्टर म्हणाले, "अगं, सराव आहे त्यांना. रोज घाट करतात! चला, तुम्ही पुढे व्हा."

मी पुढे झालो. थोडं चाललो आणि विचारलं, "साहेब, घाट कुठे आहे?"

"हा काय. सुरू झाला."

मी समोर पाहिलं. पाणी नाही, पायऱ्या नाहीत. नुसता चढ! मातीचा, मुळांचा, उभा! मागून आमची मंदा, म्हणजे माझी बायको, जवळ आली.

"पिंकीचे बाबा, हा तर पहाड आहे."

"दिसून राहिला मला."

"मग सांगून टाका ना, की आपला घाट वेगळा."

"आता काहून सांगू? खोटारडा म्हणतील. पोरीचं लग्न मोडशील!"

"मी मोडीन?" मंदा म्हणाली आणि खरंच माझ्या पुढे निघून गेली.

आता ऐका, हा चढ खरोखर सोपा होता. लेकरं चिप्स खात खात वर जाऊन राहिली होती. एक नवी नवरी उंच टाचांच्या सँडलवर गेली, तीही फोनवर बोलत! आणि मी मात्र इंजिनासारखा फुसफुस करून राहिलो होतो. दम लपवायला मी एक युक्ती काढली. दर थोड्या वेळानं थांबायचं आणि म्हणायचं, "अहाहा! हे झाड पाहा."

पहिल्या झाडाला सगळे वाहवा म्हणाले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला अनिकेतच्या आईनं विचारलं, "कोणतं आहे हे?"

"हे? हे इकडचंच आहे."

मग वाटेला दोन फाटे फुटले. एक वर जाणारा, एक जरासा खाली. अनिकेत म्हणाला, "काका, मला वाटतं वरचा." पण माझ्या गुडघ्यांना खालचा आवडला. मी रोज घाट करणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात म्हटलं, "बेटा, अनुभव आहे. चलो माझ्या मागे!"

पुढच्या वळणावर चिखल होता. माझी डावी चप्पल चिखलात राहिली, उजवा पाय पुढे गेला आणि मधला मी एका मुळावरून थेट खाली! घसरत, आपटत, नर्मदे हर म्हणत! पिशवी फुटली. तांब्या ठणठण करत पुढे, नारळ त्याच्या मागे, साबण सगळ्यांच्या पुढे. एका मोठ्या खोडाला जाऊन मी टेकलो तेव्हा सगळं बेट चिडीचूप झालं होतं. पाखरं पण.

अनिकेतची आई सगळ्यात आधी खाली उतरली. त्यांनी साबण उचलला, वास घेतला. "ट्रेकला साबण?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मॅडम," मी चिखलातूनच म्हटलं, "आमच्याकडे घाटावर अंघोळ करतात."

मी वर पाहिलं. मला वाटलं होतं, पिंकी माझ्यावर चिडली असेल. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती अनिकेतच्या आईबाबांकडे पाहून राहिली होती. टक लावून. ते हसतात का, आणि हसले तर कसे हसतात. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजवर चढून नकला केल्या होत्या, तेव्हा पण तिनं असंच लोकांकडे पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी टाळ्या मोजून राहिली आहे. आता चिखलात बसून कळलं, ती पहारा देऊन राहिली होती. बापावर कोणी वाकडं हसू नये म्हणून.



अनिकेतचे बाबा काठी टेकत खाली आले. माझ्या बाजूला, त्याच चिखलात, चांगल्या पँटीसकट बसले. मग म्हणाले, "म्हणजे खरी मजा खाली, ती ही होय!" आणि असे हसले, असे हसले की त्यांची टोपी पडली. आधी माझ्याकडे पाहून हसले, मग माझ्यासोबत. पिंकीचे खांदे खाली आले. ती पण हसायला लागली, आणि मग डोळे पुसत जरा बाजूला गेली.

मग सगळ्यांनी मला हात देत देत वर नेलं. टोकावरून समुद्र दिसला. तो इतका होता की मी खरंच गप्प बसलो. मंदानं चिखलातून काढलेला नारळ पदरानं पुसला आणि हात जोडले. "आपली नर्मदामाई शेवटी इथेच येत असेल ना?"

"नाही," अनिकेतची आई म्हणाली. "नर्मदा अरबी समुद्राला मिळते. हा बंगालचा उपसागर."

मंदा म्हणाली, "असू द्या हो. पाणी आतून कुठेतरी भेटतच असेल."

मग बाईंनीही हात जोडले. मी पाहिलं.

उतरताना माझा गुडघा आखडला तो आखडलाच. टॉवेलाची झोळी केली. एकेक कोपरा मंदा, पिंकी, अनिकेत आणि त्याच्या बाबांनी धरला. चढ येईल तिथे मी लंगडत, उतार येईल तिथे झोळीत. समोरून येणारे लोक विचारत, "क्या हुआ भैया, साँप काटा क्या?" आणि अनिकेतचे बाबा सांगत, "नहीं, ये हमारे लीडर हैं."

खाली बाकावर मला ठेवलं, हातात शहाळं दिलं. सगळे पाय धुवायला गेले. अनिकेतची आई तेवढी माझा तांब्या घेऊन बाजूला बसली होती. मला राहवलं नाही.

"मॅडम, एक विचारू? ते हो-नाहीचं... म्हणजे आमची पिंकी..."

"पिंकीला आम्ही पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं. मनातल्या मनात."

"अरे वा! मग ही एवढी ट्रिप काहून?"

"तुम्हाला बघायला."

मी छाती पुढे काढली, चिखल झटकला. "मग? काय ठरलं?"

त्यांनी माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं, तांब्या माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे."