डोळे कसे होते?

"डोळे कसे होते?"

घरात माणूस गेलेला, बायकांचं रडणं थांबलेलं नाही, आणि आमचे फोटोमास्तर घरच्या कर्त्याला बाजूला घेऊन हे विचारायचे. काळे की घारे? एखादी पापणी खाली उतरलेली होती का? लोकांना राग यायचा, पण उत्तर द्यायचे. मास्तर का विचारतात ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा, आताचा रायगड. अलिबागच्या बाजारात मास्तरांचा स्टुडिओ आणि त्याला लागून माझं फ्रेमांचं दुकान. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणून जिवंतपणी बरेच लोक कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नसत. माणूस गेला की मात्र धावत यायचे. मास्तर जाऊन, भिंतीला टेकवून बसवलेल्या प्रेताचा फोटो काढायचे. मग स्टुडिओत येऊन, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून, फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. तुमच्याही ओळखीच्या जुन्या घरात असा फोटो असेल बघा. आजोबा जरा जास्तच टक लावून बघत असतात. ते असल्याच कुणा मास्तराचं काम, आणि फ्रेम माझ्यासारख्याची. खोटं कशाला बोलू, आम्हा दोघांचं पोट मेलेल्यांवर.

जिवंत गिऱ्हाइकासाठी स्टुडिओत दोन मोठे उभे दिवे होते. त्यांच्यासमोर माणसाला स्टुलावर बसवून मास्तर म्हणायचे, "घाई नाही. डोळ्यांना सवय होऊ दे." माणूस घामानं निथळायचा, तरी यांचं आपलं घाई नाही. एकदा एक हवालदार बसल्या बसल्या घोरायला लागला. मी दारातून म्हटलं, "मास्तर, ह्याचेही डोळे आता तुम्हालाच रंगवावे लागणार."

ते हसले नाहीत. एरवी माझ्या वाह्यातपणाला हसायचे, पण डोळ्यांवरची थट्टा त्यांना खपायची नाही.

मग माणगावचा एक फोटोवाला फ्लॅश घेऊन लग्नांतून फिरायला लागला. कॅमेऱ्याच्या बाजूला चकचकीत वाटी, तिच्यात काचेचा छोटा दिवा. एकदा चमकला की जळून गेला, पुढच्या फोटोला नवा लावायचा. पण कुठंही नेता यायचा, मांडवात, देवळात, बंदरावर. आमच्या मास्तरांची कामं तिकडे चालली. फ्लॅश घ्यावा की आपले दिवेच बरे, यावर त्यांनी अख्खा पावसाळा काढला आणि माझं डोकं खाल्लं.

"दिवे उचलून कोळीवाड्यात नेता येत नाहीत, आणि कोळीवाडा काही इथं येत नाही," असं सोमवारी म्हणायचे. मंगळवारी म्हणायचे, "पण तो चमकारा माणसाला विचारत नाही हो. दिवा विचारतो, थांबतो."

शेवटी घेतला. नारळी पौर्णिमेला तो गळ्यात अडकवून कोळीवाड्यात गेले, बरोबर मीही गेलो.

तिथं पारूबाय होती. आमच्या दोन्ही घरी मासळी घालायची. नवरा नाही, एकच पोरगा, नाथा. त्याचे डोळे घारे, आणि उजव्याचा कोपरा जरा खाली उतरलेला, त्यामुळे तो नेहमी काहीतरी चोरून हसतोय असं वाटायचं. पोरीकडच्यांना दाखवायला त्याचा एक फोटो हवा, म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. तो काही स्टुडिओची पायरी चढला नाही. त्या दिवशी दर्याची पूजा झाल्यावर, दिवेलागणीला, तिनं त्याला दंडाला धरून होडीशी उभं केलं.

फ्लॅश चमकला आणि नाथानं डोळे मिटले.

"मिटलेस रे," मास्तर म्हणाले. "थांब, परत काढू." पिशवीत हात घातला तर दिवे संपलेले. सगळे पूजेच्या फोटोंना लागले होते.

"आल्यावर काडा, मास्तर," नाथा म्हणाला. "मी कुटं पलतंय?"

होडी दुसऱ्या दिवशी गेली ती खवळलेल्या पाण्यात उलटली. बाकीच्यांना मागच्या होडीनं उचललं. नाथा मिळाला नाही, त्याचं प्रेतही मिळालं नाही.

पारूबाय फोटो न्यायला आली तेव्हा मी मास्तरांपाशीच बसलो होतो. त्यांनी तिला डोळ्यांचं काही विचारलं नाही. नाथाचे डोळे त्यांना पाठ होते. ब्रश जिभेला लावला, आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"नको, मास्तर. तू डोलं काडतंस ते मेलेल्याचं. माजा पोर मेला नाय. गावला नाय."

"पण बाय, असे मिटलेले दिसतात..."

"निजलाय त्यो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तुजी फ्रेम पन नको." फोटो पदरात गुंडाळून ती निघून गेली. पुढं थकली तशी श्रीवर्धनला बहिणीकडे राहायला गेली.

चमकाऱ्यानंच पोराचे डोळे मिटवले, असं कोळीवाड्यात झालं. मास्तरांना तिकडे पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यांनी फ्लॅश पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकला. "दिव्यासमोर बसवला असता तर उघडे आले असते," एवढंच घोकत राहायचे.

"अहो, दोन वर्षांत तो बसायला आला का?" मी चिडून विचारायचो.

"नाही आला. तरी."

आणि मास्तरांनी "डोळे कसे होते?" विचारायचं सोडलं. न विचारताच रंगवायला लागले. लोक भांडायला यायचे. एका किराणावाल्याच्या मुलानं फोटो माझ्या फळीवर आपटला. "आमच्या बापाचे काळेभोर होते, हे घारे कुठून आणलेत?" तो फोटो त्यानं नेलाच नाही. मी पाहिलं. मिशाळ म्हातारा, आणि उजव्या डोळ्याचा कोपरा खाली उतरलेला. मी तो फोटो फ्रेम करून माझ्याच भिंतीला लावला.

पुढं मास्तर छातीच्या दुखण्यानं गेले. स्टुडिओ दुसऱ्यानं घेतला. तिथं आता आतसुद्धा चमकाराच असतो, गिऱ्हाईक बसतं न बसतं तोच मोकळं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर पारूबाय आली. वाकलेली, हातात तोच फोटो, खाऱ्या हवेनं कडा खाल्लेला.

"मास्तराला सांग, आता काड डोलं."

ती काय म्हणत होती ते मला कळलं. मग सांगितलं, "पारूबाय, मास्तर गेले गं."

ती फळीवर बसली. फोटोकडे बघत म्हणाली, "रोज ह्यो बगून बगून मिटलेलंच ध्यानात ऱ्हायलं. कसं होतं रं डोलं त्याचं? मना आठवत नाय."

मी भिंतीवरचा किराणावाला काढला, काच पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवला. आधी तिला काही उमजेना. मग तिनं हळूहळू तळहातानं त्या म्हाताऱ्याच्या मिशा झाकल्या, दुसऱ्या हातानं कपाळ झाकलं, आणि मधले डोळे तेवढे बघत राहिली.

बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी दार लोटून घेतलं.

"बघ," मी म्हटलं. "घाई नाही."