पट्टीचा गुलाबी रंग

मला एक वाईट खोड आहे. नीट चाललेलं काम मी गप चालू देत नाही. सिरसाळ्यात माझं डीटीपीचं दुकान. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वरच्या कडेला घड्याळ आणि बटणांची जी पट्टी असते ना, ती माझ्याकडं कायम काळी. खाली लालभडक बॅनर उघडलेला आणि वर ते काळं फडकं, माझ्या डोळ्यांना खुपायचं. आठवडाभर डोकं लावून एक छोटा प्रोग्राम लिहिला. जी विंडो समोर असेल तिचा रंग पट्टीनं उचलायचा. जमल्यावर काय, येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटलो. माझ्या सख्ख्या मामांनाही कौतुकानं दाखवलं. एकच उणीव राहिली होती, विंडो बदलली तरी जुना रंग दोन-तीन सेकंद रेंगाळायचा. बघू पुढं, म्हणून सोडून दिलं.

त्याच हिवाळ्यात मामांच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. मामांनी मामीला उभं केलं. समोर उभी राहिली एक अक्का, जिची निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली. छपाईचं काम दोघींचंही माझ्याकडं. आमच्या धंद्यात इकडचं तिकडं करायचं नसतं, आणि मी ते कधी केलं नव्हतं.

अक्काचे मतदार लांबच्या साखर कारखान्यांवर होते. तोडीला गेलेली माणसं मतदानादिवशी गाड्या भरून येणार आणि तशीच परत जाणार. कित्येकांना वाचता येत नाही. म्हणून तिनं चिन्ह मिळायच्या आधीच टोळ्यांच्या मुकादमांना गुपचूप सांगून ठेवलं होतं की गुलाबी चिठ्ठी आपली, तिच्यावर जे चिन्ह असेल त्याचंच बटण दाबायचं. चिठ्ठीच्या रंगाची खूण आहे एवढी कुणकुण गावात होतीच; रंग बाहेर फुटला तर सगळं मुसळ केरात.

मतदानाला तीन दिवस उरले होते. मी तीच चिठ्ठी उघडून बसलेलो, तेवढ्यात मामा पायऱ्या चढून थेट पाठीमागं येऊन उभे राहिले. झटक्यात मामीचं पांढरं पत्रक समोर आणलं. पट्टी गुलाबीच! दोन-तीन सेकंद, पण सरता सरेनात. मग ती पांढरी झाली. मामा पट्टीकडंच बघत होते. त्यांनी मला विचारायचं काय, सगळं मीच शिकवून ठेवलं होतं. बेस केलंय भाच्या, म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

अक्काला फोन लावायला मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. रात्री परत उचलला, परत ठेवला. दुकानाचा गाळा मामांचा, आईचं माहेर ते. मामांच्या ध्यानात आलंच नसेल, अशी मनाची समजूत घालत राहिलो. बायकोनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. असे तिन्ही दिवस घालवले.

मतदानादिवशी फाट्यावर, अक्काच्या माणसांच्या आधीच, मामांची माणसं गुलाबी चिठ्ठ्या घेऊन उभी होती. त्या चिठ्ठ्यांवर मामीचं चिन्ह होतं. गाड्यांतून उतरलेल्या लोकांनी त्या घेतल्या, आपल्याच समजून. अक्का पडली.

निकालानंतर ती दुकानात आली. मी कुणाला काही सांगितलं नाही, अशी आईची शपथ घेतली. खोटी नव्हती ती. कॉम्प्युटर लावून पट्टीचा सगळा प्रकार तिला दाखवला. तिनं शांतपणे बघून घेतलं.

"म्हंजी मामानं बघितलं, हे तुला तवाच कळलं?"

मी हो म्हणालो.

"मग तीन दिस हाताशी हुते. मी रंग बदलला असता. फोन कावून न्हाई केलास?"

मामांची भीती वाटली, असं सांगून टाकलं. लाज वाटली, फार लाज वाटली.

"भ्या मलाबी वाटत हुतं," ती म्हणाली. "तरी उभी राहिले न्हवं?"

बाहेर टेम्पो थांबला होता, आत बोचकी आणि कोयते. ती त्यात चढून परत तोडीला गेली.